शेंदराची चोवीस पुटं

रत्नागिरीहून निघताना माझ्या पिशवीत तीन वस्तू अशा होत्या, ज्या साठी उलटलेल्या बाईच्या सामानात सहसा सापडत नाहीत. एक जबरदस्त लोहचुंबक, एक दहापटीचं भिंग आणि धान्याच्या दुकानात असतो तसला हुकाचा वजनकाटा. जोडीला आमसुलं आणि फणसपोळी होती, कारण मराठवाड्याच्या तिखटाबद्दल मला इतकं ऐकवलं गेलं होतं की मी तयारीनिशीच गेले.

कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर लघुग्रहांच्या नादी लागले. जो समोर बसेल त्याला मी लघुग्रहांबद्दल सांगते. नातेवाईक हल्ली माझा फोन उचलण्याआधी दोनदा विचार करतात. माझं असंच एक व्याख्यान कुणीतरी इंटरनेटवर टाकलं आणि ते पाहून वैष्णवी दांडगे या मुलीचं पत्र आलं. ती छत्रपती संभाजीनगरला एम.एस्सी. करते, घर शेंद्र्याला.

तिनं लिहिलं होतं की तिच्या खापरपणजोबांच्या शेतात, गंगापूरजवळ, भरदिवसा आभाळातून एक धोंडा पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. त्यांच्या दोघा मुलांनी एकेक तुकडा देवघरात ठेवला. दोन्ही तुकड्यांना आभाळोबा म्हणतात. एक घर गंगापूरला राहिलं, दुसरं शेंद्र्याला आलं. दर दसऱ्याला दोन्हीकडे तेलात कालवलेल्या शेंदराचं एक पूट चढतं. बारा वर्षांनी एकदा माघात दोन्ही दगड गंगापूरला एकत्र येतात, तेव्हाच साचलेलं शेंदराचं कवच काढतात आणि उघडी तोंडं एकमेकांना जुळवतात. त्याला ‘जोड’ म्हणतात. एरवी कवचाला हात लावायचा नाही. मागची जोड झालीच नाही, कारण शेंद्र्याचं घर गेलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद होतं. आता बाहेरगावची कुणी जाणकार बाई दगड तपासायला येत असेल तर जोडेला गंगापूरचे लोक तयार झाले होते. वैष्णवीला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आभाळोबा खरंच आभाळातला आहे का. मी कॅलेंडर न बघताच होकार कळवून टाकला.

शेंद्रा

शहरातून वैष्णवीनं मला आणलं, फाट्यावर तिची आजी आम्हाला घ्यायला आली होती. गयाबाई. सत्तरी ओलांडलेली, सडपातळ, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेला. फाट्यावरून रस्त्याला लागताच तिनं चपला काढून हातात घेतल्या. डांबर तापलेलं, बाजूनं कारखान्यांचे ट्रक जाताहेत आणि ही अनवाणी चालतेय. पुढं एक लहानसा पूल आला, तो ओलांडल्यावर तिनं चपला परत घातल्या. जवळपास देऊळ असेल म्हणून मी मान वळवून पाहिलं, पण पत्र्याच्या शेडांशिवाय काही दिसलं नाही. वैष्णवी म्हणाली, आजीचं नेहमी असंच असतं, कसलातरी नवस असेल, विचारलं तर सांगत नाही.

त्यांचं जुनं घर औद्योगिक वसाहतीत गेलं. आता ओळीतलं पक्कं घर आहे, वैष्णवीचे वडील कारखान्यात पाळीवर जातात आणि उरलेली दोन एकर शेतीही बघतात. देवघरात आभाळोबा होता, शेंदरानं गुबगुबीत झालेला, नारळाएवढा. मी चुंबक जवळ नेताच तो शेंदरातूनही किंचित ओढल्यासारखा झाला. वैष्णवीनं टाळी वाजवली. मीही मनातून खूश झाले आणि तिथंच माझं चुकलं, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, काळ्या मसाल्याचं वांगं आणि लाल मिरचीचा ठेचा. आमच्याकडं तिखट लागलं तर नारळ मदतीला येतो. इथं मदतीला शेंगदाण्याची चटणी येते आणि तीही तिखटच असते. माझे डोळे भरून आले तेव्हा गयाबाईनं न बोलता दह्याची वाटी पुढं सरकवली. मला ती बाई तेव्हाच आवडली.

जेवणानंतर घरातल्यांनी विचारलं, व्याख्यानात तुम्ही म्हणता ते लघुग्रहांचं कुटुंब म्हणजे काय. मला कुणी विचारायचाच अवकाश. मी म्हटलं, तुमची भावकीच समजा. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लाखो दगड सूर्याभोवती फिरतात. कधीकाळी एखाद्या मोठ्या धोंड्यावर दुसरा आदळला, त्याचे हजार तुकडे झाले, ते तुकडे आजही जवळजवळ त्याच वाटेनं फिरताहेत. वाटा जुळल्या की म्हणायचं, हे एका घरातले. मग त्यांच्यावरून येणारा उजेड तपासायचा, कारण एका धोंड्याचे तुकडे असतील तर रंगही जुळायला हवा. वयसुद्धा सांगता येतं. उन्हानं तापून हे दगड फार हळूहळू आपल्या वाटेवरून सरकत राहतात, लहान दगड जास्त सरकतात. त्यामुळं भावकी जितकी पांगलेली, तितकी जुनी. करिन नावाचं एक कुटुंब तर इतकं तरुण आहे की त्यातल्या दगडांच्या वाटा हिशेबानं मागं मागं नेल्या, तर अठ्ठावन्न लाख वर्षांपूर्वी त्या सगळ्या एकत्र येतात. वैष्णवीच्या वडिलांना अठ्ठावन्न लाख वर्षं म्हणजे तरुण, हे फार पटलं नाही.

मला थांबता येत नाही, हा माझा दोष. मी पुढं सांगितलं की प्रत्येक कुटुंबात काही घुसखोर असतात. फिरतात त्याच वाटेनं, पण त्या घरातले नसतात. रंग तपासला की पकडले जातात.

गयाबाई भांडी गोळा करत होती. तिचा हात थांबला. मग ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला वाटलं, म्हातारी दमली असेल.

दौलताबाद

शहरातल्या हॉटेलवर परतले तर खोलीचं दार उघडेना. कार्डाची किल्ली मी चुंबकाशेजारी ठेवली होती, ती पुसली गेली. नवीन कार्ड मिळालं, मी तेही त्याच पिशवीत टाकलं. दुसऱ्यांदा खाली गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडं फार मायेनं पाहिलं.

जोडेला एक दिवस अवकाश होता, म्हणून वैष्णवीनं मला दौलताबादचा किल्ला दाखवायचं ठरवलं. गयाबाई आपणहून म्हणाली, मीबी येते. वैष्णवीला नवल वाटलं. किल्ल्याखाली पेरू घेतले, तिखटमीठ लावून. तो काळा, उभा तासलेला कडा पाहून मी चुंबक बाहेर काढलं आणि सहज पायऱ्यांशेजारच्या एका दगडाला लावलं. ते चिकटलं. दुसऱ्याला लावलं, तिथंही ओढ. तिसऱ्यालाही.

माझा चेहरा उतरला. आम्ही जांभ्या दगडाच्या मुलखातले, आमच्या लाल दगडाला चुंबक असं झोंबत नाही. इथला काळा दगड सगळा जुना लाव्हा आणि त्यात चुंबकाला ओढणारं खनिज कणाकणानं भरलेलं. या मुलखात चुंबकानं उल्का शोधणं म्हणजे आमच्याकडं भर पावसात कोण ओला झालाय ते पाहून कोण पोहून आलाय हे ठरवण्यासारखं. आदल्या दिवशीची माझी खुशी अशी दौलताबादच्या पायथ्याशी संपली. वैष्णवीला मी सांगितलं की आता भरवसा वजनकाट्याचा. दगड हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा आणि तो पाण्याच्या किती पट जड आहे ते काढायचं. इथला दगड तीनपटीच्या आतबाहेर राहील. उल्का त्याहून जड भरेल, कारण तिच्यात लोखंडाचे कण असतात.

थोड्या पायऱ्या चढून माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. गयाबाईही बसली. वैष्णवी एकटी वर गेली. माकडं आमच्या पेरूंवर डोळा ठेवून होती. गयाबाईनं आपला पेरू पदराखाली घेतला. मग म्हणाली, “ताई, आमचा जड भरणार नाय.”

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत.

“हातात घेतला की हलका लागतो. चोवीस वर्षं झाली, रोज लागतो.”

आणि तिनं सांगितलं. मागची झालेली जोड चोवीस वर्षांपूर्वीची. त्याच वर्षी उन्हाळ्यात जुनं घर पाडलं. सामान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलं, आभाळोबा फडक्यात बांधून तिनं मांडीवर घेतला होता. फाट्यापुढं नवा रस्ता होत होता, सगळीकडं खडीचे ढीग. एका गचक्यात ट्रॉलीतलं शेजाऱ्यांचं पोर पडायला आलं, तिनं पोराला धरलं आणि फडकं सुटलं. नव्या घरी पोचल्यावर ते कळलं आणि ती एकटीच धावत मागं आली. तोवर रोलर फिरत होता. ढिगांत हातांनी उकरलं, बोटं फुटली, पण दगडात दगड कुठला सापडायचा. घरी सासू देव मांडायला पाट धुऊन बसलेली. तिनं साधारण तेवढा, तसाच काळा दगड उचलला, कनवटीच्या पुडीतला शेंदूर रस्त्यावरच लावला आणि घरी नेला.

सासूला कळलं नाही, नवऱ्यालाही नाही. बारा वर्षांनी जोडेची वेळ आली. कवच काढलं की तोंडं जुळणार नाहीत, हे फक्त तिला ठाऊक होतं. तिनं हट्ट धरला की जायचं नाही. मानपानाचं काहीबाही कारण काढलं. नवरा तिच्या शब्दाखातर गेला नाही. गंगापूरचे रंगनाथअप्पा त्याचे चुलतभाऊ, लहानपणी दोघं एका ताटात जेवलेले. भाऊ शेंद्र्याला गेला, कारखान्याच्या पैशानं मातला, देव विसरला, असं अप्पा चारचौघांत म्हणाले. ते कानावर आलं. नंतर दोघं कधीच भेटले नाहीत आणि चार वर्षांपूर्वी गयाबाईचा नवरा गेला.

“माझ्यामुळं भावाला भाऊ भेटला नाय,” ती म्हणाली. “आन् आता उद्या पोरीपुढं उघडं पडंल. पोरगी म्हणल, आजी खोटी.”

मी विचारलं, मग या वेळी नको का म्हणाला नाहीत. ती म्हणाली, नाही म्हणायची ताकद संपली. वर म्हणाली की काट्यानं सांगितलं तर बरं होईल, आपल्या तोंडून निघत नाही. तिला माझ्याकडून खोटं नको होतं, आपल्या वतीनं खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं. मला भीती वाटली, हे कबूल करते. वर्गात उत्तर चुकलं तर फळा पुसता येतो. इथं माझ्या एका आकड्यावर दोन घरं कायमची तुटणार होती. वैष्णवी घामाघूम होऊन खाली आली आणि वरून काय काय दिसलं ते सांगत राहिली. आम्ही दोघी हो हो म्हणत राहिलो.

गंगापूर

गंगापूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस. माझ्या डोक्यात मराठवाडा म्हणजे उघडा माळ होता, तो समज त्या वाटेवर सुटला. जीपमध्ये गयाबाई आभाळोबाला मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी घट्ट धरून.

रंगनाथअप्पा दारातच उभे होते. भलामोठा माणूस, फेटा, आवाज खणखणीत. गयाबाईला पाहून तो आवाज गेला. “या वैनी,” एवढंच म्हणाले आणि आत वळले. त्यांची बायको द्रौपदाबाई मात्र पुढं आली, पायावर पाणी घातलं आणि जावेला हाताला धरून आत घेऊन गेली. आम्हाला गुळाचा चहा मिळाला.

अंगणात पाट मांडले. कवच काढायचा मान दोन्ही घरच्या बायकांचा. लाकडी ठोकणीनं हलक्या हातानं टकटक करायचं, कुठंतरी चीर पडते आणि मग कवच नारळाच्या करवंटीसारखं सुटतं. ते गोदावरीत सोडायचं असतं. आधी अप्पांचा दगड उघडा झाला. एका अंगाला पातळ काळपट तपकिरी साल, भट्टीत भाजल्यासारखी. दुसऱ्या अंगाला जुनी फुटलेली बाजू, करडी, त्यात तांबूस ठिपके. भिंग डोळ्याला लावलं. मोहरीएवढे गोल दाणे एकमेकांना चिकटलेले, मधूनमधून धातूचे चमकते कण आणि एक बारीक काळी शीर आरपार गेलेली. आजवर हे मी फक्त चित्रांत पाहिलं होतं. त्या क्षणी मी बाकीचं सगळं विसरले, याची मला नंतर लाज वाटली.

मग गयाबाईचा दगड. कवच सुटलं आणि खाली निघाला साधा काळा दगड, बारीक भोकांचा, भोकांत पांढरं स्फटिक भरलेलं. असे दगड आम्ही आदल्या दिवशी दौलताबादला पायाखाली तुडवले होते. वैष्णवीनं तो पाहिला, मग आजीकडं पाहिलं. तिला कळलं, कारण तिचा चेहरा एकदम लाल झाला. बाकी कुणाला अजून कळलं नव्हतं.

मी मुकाट्यानं काटा टांगला. बादली भरली. दोन्ही दगड आधी हवेत, मग पाण्यात तोलले. अप्पांचा पाण्याच्या तीन पूर्णांक चारपट भरला. गयाबाईचा तीनपटीलाही पोचला नाही. आकडे वहीत लिहिले, दोनदा तपासले, वेळ काढला. अप्पा म्हणाले, “बोला मॅडम. काय म्हणतो काटा?”

मी तोंड उघडलं तेवढ्यात गयाबाई उभी राहिली.

“ताई, तुम्ही नगा सांगू. मी सांगते.”

आणि तिनं सगळं सांगितलं. ट्रॉली, खडी, फुटलेली बोटं, काढलेलं कारण, नवऱ्यानं तिच्यासाठी मोडलेली जोड. कुठंही रडली नाही. शेवटी अप्पांकडं वळून म्हणाली, “ते मातले नव्हते भाऊजी. ते माझ्या शब्दासाठी थांबले. तुमचं नाव शेवटपर्यंत घेत होते.”

अप्पा खाली बसले. फेट्याचा शेमला हातात धरला. अंगणात दहाबारा माणसं होती. माझ्या मनात आलं की आता हे तिला उठवतील. पण अप्पांनी माझ्याकडं पाहून विचारलं, आमचा हा कुठून आलाय.

मी सांगितलं. एवढ्या साध्या तपासणीवरून शपथ घेता येत नाही, प्रयोगशाळेत पाहावं लागेल. पण बहुधा हा अशा एका धोंड्याचा तुकडा आहे, जो मंगळाच्या पलीकडं सुमारे सत्तेचाळीस कोटी वर्षांपूर्वी टक्कर होऊन फुटला. ती काळी शीर त्या तडाख्याचीच असावी. त्याची भावकी अजून वर फिरतेय. धोंडा मूळचा त्याहून खूप जुना, पृथ्वीच्याच वयाचा.

“म्हणजे हा बाहेरचा.”

“हो. फार लांबचा.”

“आन् वैनीचा?”

“तो इथलाच. इथं साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, त्याचा. दौलताबादचा किल्ला ज्याचा, त्याचाच.”

एवढ्यात द्रौपदाबाईनं मला हाक मारली. ती दोन्ही कवचांचे तुकडे मांडीवर घेऊन बसली होती आणि माझं भिंग तिनं कधी उचललं ते मला कळलंही नव्हतं. कवचाच्या फुटलेल्या कडेवर पुटांच्या रेघा दिसत होत्या. दर वर्षाच्या तेलावर धूळ बसते आणि वर नवं पूट चढतं, म्हणून मध्ये काळी रेघ. तिनं मला मोजायला लावलं. सगळ्यात तळचा हात सोडला, तर अप्पांच्या दगडावर चोवीस दसऱ्यांची चोवीस पुटं होती. गयाबाईच्या दगडावरही चोवीस. एकही दसरा चुकला नव्हता. उल्का किंवा साधा दगड, दोन्हींची सेवा एका वयाची होती. मी भिंग खाली ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि या वेळी ठेच्यावर ढकलता येत नव्हतं.

द्रौपदाबाईनं नवऱ्याला तेवढंच सांगितलं, “चोवीस हायती. आपल्याइतकीच.”

अप्पा उठले. दोन्ही दगड स्वतः उचलून पाटावर शेजारी ठेवले. “बाहेरून आलेल्याला आपण पाच पिढ्या देव म्हणतोय,” ते जमलेल्यांना म्हणाले, “आन् जो इथलाच, त्याला आता बाहेर काढू व्हय?”

तोंडं अर्थातच जुळली नाहीत. मध्ये चांगली दोन बोटं फट राहिली. एक म्हातारा म्हणाला, जोड बसत नाही. द्रौपदाबाईनं तेल ओतून ताजा शेंदूर कालवला, घट्ट, कणकेसारखा, आणि वाटी गयाबाईच्या हातात दिली. दोघी जावांनी मिळून ती फट भरली. बराच शेंदूर लागला. मग दोन्ही दगडांवर मिळून नवा तळचा हात चढला. वैष्णवी आजीच्या मागं जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर डोकं टेकून बसून राहिली.

जेवायला पुरणपोळी होती, तुपात बुडवलेली. आमच्याकडं पोळीबरोबर नारळाचं दूध असतं, इथं झणझणीत आमटी. मी दोनदा मागून घेतली. अप्पांच्या दगडाचा, कवचाबरोबर निघालेला तांदळाएवढा कण त्यांनी मला कागदाच्या पुडीत बांधून दिला, तपासायला. तो पुढं पाठवलाय, अहवाल यायचाय. वैष्णवीनं त्याच विषयात पुढं शिकायचं ठरवलंय, तसं तिनं कळवलं आहे.

परतताना अप्पा म्हणाले, मी सोडायला येतो. शेंद्र्यापर्यंत आले. फाट्यावर जीप थांबवायला सांगितली आणि गयाबाईला विचारलं, वैनी, ते कुठं पडलं होतं.

तिनं बोट दाखवलं. फाट्यापासून त्या लहान पुलापर्यंत, एवढ्यातच कुठंतरी. आभाळोबाचा अर्धा भाग त्या डांबराखाली आहे. तिनं खाली उतरून चपला काढल्या. आता कुणाला विचारावं लागलं नाही. अप्पांनी वाकून आपले जोडे काढले, वैष्णवीनं सँडल काढल्या, ड्रायव्हरनंही काढल्या. सत्तेचाळीस कोटी वर्षं अंतराळात भटकून आलेला दगड शेवटी या रस्त्याच्या खडीत बसला होता आणि वरून ट्रक चालले होते.

रस्ता तापलेला होता. पुलापर्यंत आम्ही सगळे अनवाणी गेलो. अप्पा गयाबाईच्या बरोबरीनं चालत होते आणि तिच्या चपला त्यांनी आपल्या हातात घेतल्या होत्या.